सह्याद्रीच्या पोटातले पाचू

सह्याद्री म्हटला, की आपल्याला गड आठवतात, घाट आठवतात. त्याच्या पोटात काय दडले आहे, हे पाहायला आपण सहसा वाकत नाही. मी देवरुखचा मास्तर. आमच्याकडे वर तांबडा जांभा, खाली काळा कातळ. विहीर खणताना तो कातळ लागला, की खणणारा कपाळाला हात लावतो. त्या कातळाचीच ही हकीकत.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. रस थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे ऊन पाणी झिरपले. कातळातल्या फेल्स्पारसारख्या खनिजांतली द्रव्ये विरघळवून त्याने ती या पोकळ्यांत आणून ठेवली. कुठे भिंतीला सेलॅडोनाइटचा हिरवा लेप बसला, कुठे फेल्स्पारचे चुलतभाऊ झिओलाइट जमले. त्यांच्या सोबतीला अपोफिलाइटचे लखलखीत स्फटिक आले. पुण्याजवळच्या पाषाणच्या खाणींतले हिरवे अपोफिलाइट तर पाचूच वाटावे! पण हा पाचू नव्हे. व्हॅनेडियमच्या लवमात्र अंशाने त्याला तो रंग येतो.

या कोठारांची दारे उघडली ती आगगाडीने. बोरघाटातील रुळांचे काम 1856 मध्ये सुरू झाले आणि 1863 मध्ये गाडी घाट चढली. बोगद्यांच्या सुरुंगांतून निघालेले स्फटिक संग्राहकांच्या हाती पडले. 1865 मध्ये चार्ल्स शेपर्ड या अमेरिकन खनिजशास्त्रज्ञाने तिथल्या एका खनिजाला सह्याद्रीवरून ‘सायहेड्राइट’ असे नावही दिले. पुढे ते स्टिल्बाइटच ठरले आणि नाव मागे पडले.

नाव दगडाला तरी मिळाले होते! घाट फोडणाऱ्या हजारो मजुरांना तेही नाही. जानेवारी 1859 मध्ये थकलेल्या मजुरीपायी त्यांचा उद्रेक झाला. पटकीने आणि तापाने कित्येक तिथेच संपले. त्याच वर्षी कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला, तेव्हा त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, काम पुढे नेले. तिचे नाव इतिहासात आहे, ते योग्यच. पहारीवरच्या हातांचे नाही.

सिन्नरला 2001 पासून ‘गारगोटी’ हे खनिजांचे संग्रहालय आहे. सुट्टीत मुलांना जरूर दाखवावे. वर्गात बोरघाट आला, की मी 1863 हा सन पाठ करून घेतोच. पण त्याआधी विचारतो, ‘कातळ फोडायला किती घाम लागतो रे?’ विहिरी खणणाऱ्यांची पोरे समोर बसलेली असतात. त्यांना उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही.