१९३७ : बाबासाहेबांसमोर काँग्रेसची उमेदवारी कुठे चुकली?

निवडणूक लागली की आपल्याकडे ठरलेला खेळ सुरू होतो. पाच वर्षे वस्तीत राबणारा कार्यकर्ता ताटकळत बसतो आणि शेवटच्या दिवशी एबी फॉर्म भलत्याच्याच हातात पडतो. हरल्यावर आम्ही पैशाला, मतविभागणीला, मशीनला दोष देतो. उमेदवार कुणी आणि का निवडला, हे मात्र विचारत नाही. ही चूक फक्त आपलीच नाही. बलाढ्य काँग्रेसनेही ती केली होती, आणि तीही खुद्द बाबासाहेबांच्या विरोधात.

१९३५च्या कायद्याखाली मुंबई प्रांताच्या विधानसभेची १९३७ साली पहिली निवडणूक झाली. एकूण १७५ जागा, त्यांतल्या १५ अस्पृश्यांसाठी राखीव. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष ऑगस्ट १९३६ मध्ये निघालेला, म्हणजे हाताशी जेमतेम सहा महिने. ते स्वतः भायखळा-परळच्या गिरणगावात उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर पालवणकर बाळूंना आणले.

बाळू साधे नाव नव्हते. डावखुरा फिरकी गोलंदाज, १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा. चांभार समाजातला हा माणूस जातीचे चटके सोसत पुढे आला होता. बाबासाहेबांनाही त्यांचे कौतुक होते. त्यामुळे बाळूंना कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो त्यांना उभे करणाऱ्यांच्या हिशेबाचा. नाव गाजलेले, जात महार नव्हे तर चांभार, म्हणजे अस्पृश्यांची मते फुटतील आणि सवर्णांची मते काँग्रेसला आहेतच, असा तो हिशेब.

निकाल लागला. बाबासाहेब १३,२४५, बाळू ११,२२५. फरक २,०२० मतांचा.

हा फरक मोठा नाही, हे आपण कबूल केले पाहिजे. जातीचे गणित बाळूंना इतक्या जवळ घेऊन आलेच. पण उरलेले अंतर कापायला जे लागते ते त्या उमेदवारीत नव्हते. बाळू पुणे कराराच्या बाजूचे, त्यावर सही करणारे. १९३५च्या येवल्याच्या घोषणेनंतर धर्मांतराला त्यांनी विरोध केला होता. समोरचा माणूस महाड आणि काळाराम मंदिराचा लढा लढून आलेला. अशा वेळी चाळीतल्या अस्पृश्य मतदाराने बाळूंना मत का द्यावे, याचे उत्तर काँग्रेसकडे ‘ते मोठे खेळाडू आहेत’ याहून फारसे नव्हते. त्यात एकापेक्षा जास्त जागांच्या मतदारसंघात आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत. ज्याच्यासाठी लोक जिवावर उदार होतात, त्याला ही पद्धत तारते. नुसत्या ओळखीच्या चेहऱ्याला तिचा तेवढा उपयोग नाही.

त्याच निवडणुकीत बाबासाहेबांनी उमेदवार कसे निवडले तेही पाहा. कोकणात त्यांनी अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आणि शामराव परुळेकर यांना खुल्या जागांवर उभे केले. तिघेही अस्पृश्य नव्हते. पण चित्रे महाड परिषदेच्या जुळवाजुळवीत होते आणि टिपणीस सत्याग्रहाच्या वेळी महाड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. खोतांखाली पिचलेल्या कुळांना ही माणसे आपली वाटली. तिघेही निवडून आले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर धडकला, तेव्हा आमदार झालेले परुळेकर त्या शेतकऱ्यांसोबतच होते.

कुणी म्हणेल, मग १९५२ला काय झाले? उत्तर मुंबईत काजरोळकरांसारख्या उमेदवाराने बाबासाहेबांना सुमारे १४,५०० मतांनी हरवलेच ना? खरे आहे. तेव्हा नेहरूंची लाट होती, काँग्रेसची यंत्रणा होती, कम्युनिस्ट विरोधात होते आणि एकाच उमेदवाराला सगळी मते देण्याची सोय गेली होती. चांगला उमेदवार लाटेत पडू शकतो, हे आपण नाकारत नाही.

पण त्याच १९५२ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने देशभर लोकसभेच्या ३५ जागा लढवल्या आणि दोन जिंकल्या. एक करीमनगर, दुसरी सोलापूर. सोलापुरात निवडून आले पां. ना. राजभोज. तेही चांभार समाजातले आणि एकेकाळी बाबासाहेबांच्या विरोधी गोटात असलेले. काँग्रेसने १९३७ला चांभार उमेदवार दिला तो महारांची मते तोडायला. फेडरेशनचे राजभोज उभे राहिले तेव्हा ते पक्षाचे सरचिटणीस होते, वर्षानुवर्षे संघटनेचे काम केलेले. बाबासाहेब स्वतः पडले त्या लाटेत सोलापूरची जागा फेडरेशनने जिंकली.