वसईचा तह आणि सार्वभौमत्वाचा अधिकार

वसईचे ठाणे इतिहासकाळात वारंवार एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे गेलेले आहे. गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ मध्ये ते पोर्तुगीजांच्या स्वाधीन केले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने ते जिंकून घेतले. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्ड याने ते इंग्रजांसाठी काबीज केले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते मराठ्यांस परत मिळाले. या प्रत्येक प्रसंगी प्रश्न एका ठाण्याचा व त्याभोवतीच्या मुलखाचा होता. ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच ठिकाणी दुसऱ्या बाजीरावाने ईस्ट इंडिया कंपनीशी जो तह केला, त्यात मात्र प्रश्न वसईचा नव्हता, तर मराठी राज्याच्या सार्वभौमत्वाचा होता. आज पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या वसई-विरार परिसराचे नाव हिंदुस्थानच्या इतिहासात १७३९ च्या विजयाइतकेच या तहामुळेही कायम झाले आहे.

या तहाची मीमांसा मराठीत बहुधा बाजीरावाच्या स्वभावदोषांच्या अंगाने होत आली आहे. त्याचा भित्रेपणा, संशयी वृत्ती आणि कारभाऱ्यांची निवड यांविषयी जे लिहिले गेले त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु दुबळा अधिपती पुष्कळ राज्यांच्या वाट्यास येतो, आणि तेवढ्याने प्रत्येक राज्याचे स्वातंत्र्य जात नाही. म्हणून अधिक मूलगामी प्रश्न असा की, राज्याचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार मराठी राज्यात कोणाचा होता, आणि त्यास नकार देण्याचा अधिकार कोणाचा होता?

तहास निमित्त झालेल्या घटना सुपरिचित आहेत. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकराने पेशवा व शिंदे यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. त्याच दिवशी बाजीरावाने इंग्रज रेसिडेंट बॅरी क्लोज याच्याकडे तैनाती फौज मान्य असल्याचा लेख पाठविला आणि तो कोकणात उतरला. डिसेंबरात तो इंग्रजी जहाजातून वसईस पोचला आणि थोड्याच दिवसांत तह झाला. त्यान्वये सहा हजारांची कंपनीची पायदळ फौज पेशव्याच्या मुलखात कायम राहावयाची होती, व तिच्या खर्चासाठी २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा होता. सुरतेवरील हक्क सोडावयाचा, निजाम व गायकवाड यांच्याकडील येण्यासंबंधी कंपनीचा निवाडा मानावयाचा, इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतील युरोपियन पदरी ठेवावयाचा नाही, आणि कंपनीशी सल्लामसलत केल्याखेरीज अन्य सत्तांशी बोलणे लावावयाचे नाही, असेही ठरले.

या तहाने पेशव्याचे राज्य खालसा झाले नाही. मसनद, दरबार आणि वसुली ही सर्व पूर्ववत राहिली. गेला तो परराष्ट्रव्यवहार, म्हणजे शत्रू कोण व मित्र कोण हे स्वतः ठरविण्याचा अधिकार. सार्वभौमत्वाचा गाभा हाच असल्याने, मागे उरलेली सत्ता इंग्रजांच्या मर्जीवर अवलंबून राहिली.

आता तह करणाऱ्याच्या अधिकाराकडे वळावे. राज्याचा धनी साताऱ्याचा छत्रपती होता आणि पेशवा हा त्याचा मुख्य प्रधान. तथापि तहात छत्रपतीस स्थान नाही. पेशव्याने तो स्वतःच्या नावे केला. व्यवहारतः राज्याचे बळ शिंदे, होळकर, भोसले व गायकवाड या सरदारांच्या हाती विभागलेले होते. गायकवाडाने त्याच वर्षी इंग्रजी फौज स्वीकारली होती. इतरांची संमती घेतली गेली नाही. एका पळून आलेल्या प्रधानाच्या शिक्क्याने साऱ्या मराठमंडळाच्या धोरणाला बंधन घातले गेले.

अशा शिक्क्यास पूर्वी एकदा अटकाव झाला होता. मार्च १७७५ मध्ये बाजीरावाचा पिता रघुनाथराव याने सुरत येथे इंग्रजांशी तह करून फौजेच्या मोबदल्यात साष्टी व वसई देण्याचे कबूल केले होते. गरजू दावेदार, इंग्रजी फौज आणि तोडून द्यावयाचा मुलूख ही तिन्ही अंगे दोन्ही प्रसंगी सारखीच आहेत. परंतु त्या वेळी पुण्यात नाना फडणीस, सखाराम बापू आदी कारभाऱ्यांचे मंडळ अल्पवयी सवाई माधवरावाच्या नावे राज्य चालवीत होते. त्या मंडळाने रघुनाथरावाचा अधिकारच नाकारला. कलकत्त्याच्या कौन्सिलनेही मुंबईकरांचा तह अमान्य करून १७७६ मध्ये पुरंदर येथे याच कारभाऱ्यांशी वेगळा तह केला. मराठी राज्याच्या वतीने बोलणारे मंडळ पुण्यात आहे, ही त्यांची प्रत्यक्ष कबुलीच होती. महादजी शिंदे व हरिपंत फडके १७९४ मध्ये, परशुरामभाऊ पटवर्धन १७९९ मध्ये आणि नाना १८०० मध्ये निवर्तले. बारभाईंची व्यवस्था व्यक्तींच्या कर्तृत्वावर उभी होती. तिला नियमाचे वा संस्थेचे रूप कधीच आले नाही. म्हणून व्यक्तींबरोबर नकाराचा अधिकारही लोपला.

येथे स्कॉटलंडचे उदाहरण उद्बोधक ठरते. १७०७ मध्ये त्या राष्ट्रानेही तहाच्या मार्गानेच आपले स्वतंत्र राज्य विसर्जित केले. त्या एकीकरणाने इंग्लंडचा व्यापार व पुढे साम्राज्याची सेवा स्कॉटिश लोकांस खुली झाली. १८१७ मध्ये पुण्यास रेसिडेंट असलेला एल्फिन्स्टन, १८१८ मध्ये बाजीरावाची शरणागती स्वीकारणारा माल्कम आणि मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक ग्रँट डफ हे तिघेही स्कॉटिशच होते.

परंतु स्कॉटलंडचा तह एका रात्रीत झाला नाही. त्याच्या २५ कलमांवर एडिंबरोच्या पार्लमेंटात ऑक्टोबर १७०६ पासून जानेवारी १७०७ पर्यंत वाद चालला. लॉर्ड बेलहेवन व अँड्र्यू फ्लेचर यांनी कडाडून विरोध केला, गावोगावचे अर्ज आले, एडिंबरो व ग्लासगो येथे दंगे झाले. पहिले कलम ११६ विरुद्ध ८३ मतांनी संमत झाले. ते पार्लमेंट लोकनियुक्त म्हणावे असे नव्हते, आणि सभासदांस पैसे चारल्याचा आरोपही तेव्हापासून होत आला आहे. तरीही वादामुळे दोन गोष्टी साधल्या. स्कॉटलंडचा कायदा, न्यायालये व धर्मसंस्था यांचे रक्षण लेखी मिळाले, आणि राष्ट्राने कोणत्या अटींवर संमती दिली याची नोंद राहिली. १९५३ मध्ये तेथील न्यायाधीश लॉर्ड कूपर यांनी पार्लमेंटची अमर्याद सत्ता हे तत्त्व स्कॉटिश घटनेचे नव्हे असे मत दिले, ते याच नोंदीच्या आधारे. १९९९ मध्ये एडिंबरोस पुन्हा पार्लमेंट भरले. १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्वातंत्र्याच्या प्रश्नावर मतदान होऊन सुमारे ५५ टक्के मते विरुद्ध व ४५ टक्के अनुकूल पडली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एडिंबरोच्या पार्लमेंटला स्वतःच्या अधिकारात असे मतदान घेता येणार नाही असा निर्णय दिला. तरी वाद सभागृहात व मतपेटीतच राहिला आहे.

वसईच्या तहावर वाद झालाच नाही असे नाही. तो तहानंतर व अन्यत्र झाला. लंडनमध्ये बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष कॅसलरे याने हा तह कंपनीस मराठ्यांच्या अनंत भांडणांत गुंतवील अशी शंका घेतली. आर्थर वेलस्लीने तिला सविस्तर उत्तर दिले. १८०५ मध्ये फिलिप फ्रान्सिसने मराठ्यांशी झालेल्या युद्धाचा प्रश्न कॉमन्स सभेत मांडला. त्याचा ठराव फेटाळला गेला. मराठी बाजूस मात्र वादाचे साधन तलवार एवढेच उरले होते. शिंदे व भोसले १८०३ मध्ये असई व आडगाव येथे लढले आणि हरले. होळकर त्या युद्धापासून दूर राहिला व पुढच्या वर्षी एकटा लढला. ज्यांनी एकत्र बसून नकार द्यावयाचा, ते एकामागून एक रणांगणावर नकार देत गेले. तह जेथे झाला त्या राज्यात त्यावर चर्चा होण्यास जागा नव्हती. ज्यांना त्यापासून लाभ झाला त्यांच्या राजधानीत ती होती.

या सर्वांचे पर्यवसान १८१८ मध्ये झाले. बाजीरावास पदच्युत करताना एल्फिन्स्टनने फेब्रुवारी महिन्यात साताऱ्याहून जो जाहीरनामा काढला, त्यात छत्रपतीस लहानसे राज्य देण्याचे आश्वासन होते. १८०२ मध्ये ज्या धन्याची संमती घेण्याची गरज कोणास भासली नाही, त्याचे नाव पेशवाई मोडताना इंग्रजांस उपयोगी पडले. १८४८ मध्ये डलहौसीने तेही राज्य खालसा केले.

यावरून बाजीरावाचा दोष हलका ठरत नाही. परंतु तो एकट्याचा ठरत नाही. सार्वभौमत्व हे केवळ मसनदीवरील व्यक्तीत वसत असेल, तर त्या व्यक्तीच्या पलायनाबरोबर तेही पळते. ते टिकावयाचे असेल तर धन्यासही 'नाही' म्हणू शकेल अशी, माणसे गेली तरी मागे उरणारी संस्था राज्यात असावी लागते. सुरतेच्या तहाच्या वेळी तिची छाया पुण्यात होती. वसईच्या तहाच्या वेळी ती छायाही उरली नव्हती.