काडतुसांचे घरगुती पुनर्भरण : अमेरिकेतील एका गृहकौशल्याचा इतिहास (१८६६ ते १९८६)

प्रस्तावना

एकदा उडविलेले काडतूस टाकाऊ होते, असा सर्वसाधारण समज आहे. रायफलीच्या आधुनिक काडतुसाची रचना पाहता हा समज पूर्णतः खरा नाही. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली प्रायमरची टोपी, दारू आणि गोळी हे त्याचे चार घटक होत. बार उडाल्यानंतर टोपी, दारू व गोळी खर्ची पडतात. पुंगळी मात्र बहुधा शाबूत राहते, आणि चारही घटकांत तीच सर्वाधिक खर्चाची असते. ती पुन्हा मूळ मापात आणून तिच्यात नवी टोपी, दारू व गोळी भरणे म्हणजे पुनर्भरण. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही क्रिया एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घरोघरी रूढ झाली. या कौशल्याचा उगम, त्याच्या प्रसाराची कारणे आणि त्यातून निर्माण झालेला जबाबदारीचा प्रश्न यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

काडतूस कोणी तयार करावे?

काडतूस कोणाच्या हातून तयार होते, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही, याची प्रचीती भारताच्या इतिहासातही येते. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीचे काडतूस कागदी होते आणि ते दातांनी फाडावे लागे. त्यावरील चरबीविषयी शिपायांत असंतोष पसरल्यावर १८५७ च्या प्रारंभी शिपायांनी वंगण स्वतः लावावे अशी मुभा देण्यात आली आणि काडतूस हाताने फाडण्याची कवायत सुरू झाली. तथापि तोवर विश्वास उडालेला होता. दुसऱ्याने बनविलेल्या वस्तूत नेमके काय आहे हे वापरणाऱ्यास ठाऊक नसणे, हे त्या अविश्वासाचे एक मूळ होते. अमेरिकेतील पुनर्भरणाच्या परंपरेने हाच प्रश्न वेगळ्या परिस्थितीत आणि उलट बाजूने हाताळला. तेथे वापरणाराच निर्माता झाला. परिणामी काडतुसात काय आहे याची जबाबदारीही त्याच्यावरच आली.

दोन टोप्या, दोन परंपरा

१८६० च्या दशकात कागदी काडतूस मागे पडून धातूची पुंगळी प्रचारात आली. प्रारंभीच्या अनेक तांब्याच्या पुंगळ्यांत स्फोटक द्रव्य कडेच्या घडीत किंवा बुडाच्या आत बसविलेले असे. अशी पुंगळी व्यवहारतः एकदाच वापरता येई. पुनर्भरण खऱ्या अर्थाने शक्य झाले ते बुडाच्या मध्यभागी बाहेरून बसविता येणाऱ्या टोपीमुळे. या टोपीचे दोन प्रकार जवळपास एकाच वेळी पुढे आले. पहिला अमेरिकन लष्करी अधिकारी हायरम बर्डन यांचा, तर दुसरा वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांचा. दोघांचेही मूलभूत काम १८६६ च्या सुमाराचे आहे.

दोन्ही प्रकारांत स्फोटक द्रव्य चेपले जाण्यासाठी एक लहानशी ऐरण लागते. बर्डनच्या पद्धतीत ही ऐरण पुंगळीच्या बुडातच घडविलेली असते आणि ज्वाला आत जाण्यासाठी तिच्या बाजूंना सामान्यतः दोन छिद्रे असतात. बॉक्सरच्या पद्धतीत ऐरण टोपीतच असते व पुंगळीला मध्यभागी एकच छिद्र राहते. हा भेद दिसावयास क्षुल्लक असला तरी त्याचा परिणाम दूरगामी ठरला. मधल्या एका छिद्रातून सरळ सळई घालून जुनी टोपी सहज ठोकून काढता येते. बर्डनच्या पुंगळीत ऐरण आडवी येत असल्याने हेच काम खास हत्यारावाचून कष्टाचे होते.

इतिहासाचा विरोधाभास असा, की अमेरिकन अधिकाऱ्याची टोपी युरोपात रुजली, तर इंग्रज अधिकाऱ्याची अमेरिकेत. युरोपातील सैन्यांना वापरलेली पुंगळी पुन्हा भरण्याची फारशी गरज नव्हती. त्यांना साध्या टोपीचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन सोयीचे होते. अमेरिकन कारखान्यांचा मोठा ग्राहक मात्र विखुरलेल्या वस्तीत राहणारा नागरिक होता.

शिकारी तळ ते घरातील मेज

१८७० च्या दशकात पश्चिमेकडील मैदानांवर रानगव्यांची शिकार करणारे व्यावसायिक शिकारी तयार काडतुसांऐवजी दारूचे डबे, शिशाच्या लगडी व टोप्या बरोबर नेत आणि दिवसभरात रिकाम्या झालेल्या पुंगळ्या रात्री तळावर भरीत. दुकान दूर आणि काडतूस महाग, ही त्यामागची साधी कारणे होती. या काटकसरीची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. स्वस्तात भरलेल्या काडतुसांनी त्या अफाट कत्तलीला हातभार लावला, आणि १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मैदानांवरील रानगव्यांचे मोठे कळप नामशेष झाले.

याच सुमारास पुनर्भरण तळावरून घरात आले. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये कनेक्टिकट राज्यात आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी सुरू केली. जुनी टोपी काढणे, नवी बसविणे, पुंगळीचे तोंड नीट करणे आणि गोळी बसविणे ही कामे चिमट्यासारख्या एकाच हातहत्याराने होत. कंपनीच्या पुस्तिकांनी नवशिक्यांना या कामाचे शिक्षण दिले. शिसे वितळवून साच्यात ओतणे, गोळीला वंगण लावणे, मापाने दारू घालणे अशा पायऱ्या त्यांत क्रमवार सांगितलेल्या असत. गुरूऐवजी छापील पुस्तिका, हे या कौशल्याचे वैशिष्ट्य तेव्हापासूनच दिसते. पुढे १९२५ मध्ये हा व्यवसाय लायमन कंपनीकडे गेला.

धूरविरहित दारू आणि वाढलेली जोखीम

फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये धूरविरहित दारू सिद्ध केली. अमेरिकन लष्कराने १८९२ मध्ये क्रॅग रायफल स्वीकारून तिचा मार्ग धरला. या बदलाने घरगुती पुनर्भरणाचे स्वरूपच पालटले. काळी दारू पुंगळी जवळजवळ पूर्ण भरूनच वापरली जाई; त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडण्यास जागाच उरत नसे. धूरविरहित दारूची शक्ती कितीतरी अधिक असल्याने थोडी मात्रा पुरे होऊ लागली. काही पुंगळ्यांत दुप्पट मात्राही सहज मावे आणि अशी चूक रायफल फोडण्यास व चालविणाऱ्याचा जीव घेण्यास पुरेशी होती. मापाच्या पळीची जागा ग्रेनमध्ये तोलणाऱ्या तराजूने घेतली, ती या भीतीपोटी.

रसायनांनीही नवे प्रश्न उभे केले. जुन्या टोप्यांतील पाऱ्याचा अंश काळ्या दारूच्या भरपूर काजळीत सामावून जाई. नव्या दारूत काजळीच अल्प असल्याने पारा थेट पितळावर परिणाम करी व पुंगळी ठिसूळ होई. पुनर्भरण करणाऱ्यांना पाराविरहित टोप्या येईपर्यंत हे संकट सोसावे लागले.

या अनुभवांतून मोजमापाची शिस्त निर्माण झाली. डॉ. फ्रँकलिन मान यांनी आपल्या दीर्घ प्रयोगांचे निष्कर्ष १९०९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. १९२६ मध्ये अमेरिकन उत्पादकांची मानके ठरविणारी संस्था स्थापन झाली. फिलिप शार्प यांचा पुनर्भरणावरील विस्तृत ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

टंचाई, शिलकी दारू आणि नवे उद्योग

दुसऱ्या महायुद्धात कारखाने लष्करी उत्पादनात गुंतले आणि नागरिकांना काडतुसे व गोळ्या मिळेनाशा झाल्या. या टंचाईतच पुढील उद्योगांची बीजे पडली. कॅलिफोर्नियातील फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये लहान बोराच्या वापरलेल्या पुंगळ्यांपासून गोळ्यांची आवरणे दाबून काढणारे साधन तयार केले. आरसीबीएस हे त्यांच्या कंपनीचे नाव त्या साधनाच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून पडले. युद्ध संपल्यावर कॅन्सस येथील ब्रूस हॉजडन यांनी सरकारी शिलकी दारू विकत घेऊन ती नागरिकांना स्वस्तात विकली. जॉइस हॉर्नडी यांनी १९४९ मध्ये नेब्रास्कात गोळ्यांचे उत्पादन सुरू केले. विस्कॉन्सिनमधील रिचर्ड ली यांनी १९५८ पासून अल्प किमतीची हातसाधने बाजारात आणली आणि मर्यादित मिळकतीच्या माणसासही या छंदाचे दार उघडे झाले.

खर्चात बचत हा हेतू यानंतरही राहिला. परंतु अचूकता हा दुसरा हेतू तितकाच प्रबळ झाला. एका विशिष्ट रायफलीस नेमकी कोणती गोळी व किती दारू मानवते, हे सर्वांसाठी एकच काडतूस करणाऱ्या कारखान्यास पाहता येत नाही. घरी भरणाऱ्यास ते पाहता येते.

कायद्याची रेषा

१९६८ च्या अमेरिकन गन कंट्रोल अ‍ॅक्टने दारूगोळ्याच्या उत्पादनाचा व्यवसाय करणाऱ्यास परवाना आवश्यक केला. मात्र स्वतःच्या वापरासाठी भरणारा त्यातून वगळला गेला. १९८६ च्या कायद्याने दारूगोळ्याच्या विक्रीवरील काही निर्बंध आणखी शिथिल केले. अशा रीतीने व्यापार आणि स्वतःचा वापर यांमध्ये रेषा ओढली गेली.

भारतातील व्यवस्था याहून भिन्न राहिली. खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे; म्हणजे पितळी काडतुसाच्या उदयकाळीच महाराष्ट्रात त्याचे उत्पादन शासनाच्या हाती केंद्रित झाले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने नागरिकांचा शस्त्राधिकार परवान्याखाली आणला. स्वातंत्र्योत्तर काळातील १९५९ च्या कायद्यानेही दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना आवश्यक ठरविला. त्यामुळे घरातील मेजावर काडतूस भरणे ही गोष्ट येथे लोकव्यवहाराचा भाग होऊ शकली नाही.

समारोप

पुंगळीच्या बुडातील एका छिद्राने अमेरिकेत पुनर्भरण सोपे केले. अंतर, टंचाई आणि छापील पुस्तिका यांनी ते रुजविले. आणि कायद्याने त्यास स्वतःच्या वापरापुरती मोकळीक दिली. या इतिहासात तंत्र व समाज यांपैकी एकालाच श्रेय देता येत नाही. कारखान्यात तपासनिसाची जी जागा असते, ती येथे भरणाऱ्याच्या स्वतःच्या दक्षतेने घेतली. स्वातंत्र्य आणि जोखीम एकाच हाती सोपविणारी ही परंपरा म्हणूनच केवळ शस्त्रांच्या इतिहासाचा विषय ठरत नाही. धोकादायक ज्ञान सामान्य माणसाच्या हाती कोणत्या अटींवर द्यावे, या व्यापक प्रश्नाच्या अभ्यासातही तिची दखल घ्यावी लागते.