बिनकामाची ओळ

गेल्या पावसाळ्यात मी एका जुन्या प्रोग्रॅममधली एक ओळ खोडली. चॅटबॉटला विचारून खोडली. ओळ अशी होती: एलए ३,०(०,३). एलए म्हणजे 'लोड ॲड्रेस'. तीन नंबरच्या रजिस्टरमध्ये जो पत्ता आहे त्यात शून्य मिळवा आणि उत्तर परत तिथेच ठेवा, एवढाच तिचा अर्थ. चॅटबॉट म्हणाला, शून्य मिळवून काही बदलत नाही, ही ओळ बिनकामाची आहे, काढलीत तरी चालेल. मला पटलं. पहिलीतलं गणितही तेच सांगतं.

मी पुण्यात एका कंपनीत मेनफ्रेमवर काम करते. परदेशातल्या एका विमा कंपनीचे रात्री चालणारे हिशेब आमच्याकडे आहेत. इंजिनिअरिंगला जावा शिकले, पायथन शिकले. मेनफ्रेम हा शब्द चार वर्षांत एकदाही परीक्षेला आला नाही. नोकरीत मात्र हातात आला आयबीएमचा असेम्ब्लर, आणि त्यातले काही प्रोग्रॅम माझ्या आईबाबांच्या लग्नाच्या आधीचे. टीममध्ये ही भाषा नीट येणारा माणूस एकच. त्यांना सगळे काका म्हणतात. ते मार्चमध्ये रिटायर होणार आहेत. एका दिवसात काकांना दहावा प्रश्न विचारायला लाज वाटते. चॅटबॉटला शंभरावा विचारायलाही वाटत नाही.

ओळ काढल्यावर मी टेस्ट चालवल्या. सगळ्या पास. मग काकांनी कोड तपासायला घेतला आणि थांबले.

"अगं, इथली एलए कुठे गेली?"

"काका, ती काहीच करत नव्हती."

"काहीच करत नव्हती म्हणजे, कुठल्या सालच्या हिशेबाने?"

या प्रश्नाचं उत्तर समजून घ्यायला मला ७ एप्रिल १९६४ पर्यंत मागे जावं लागलं. त्या दिवशी आयबीएमने सिस्टीम/३६० जाहीर केली. तोवर नवं मशीन घेतलं की बहुतेक वेळा प्रोग्रॅम पुन्हा लिहावे लागत. जीन ॲम्डाल आणि फ्रेड ब्रूक्स यांच्या चमूने ठरवलं की लहान मशीन असो की मोठं, प्रोग्रॅम एकच चालेल. ३६० हा आकडा होकायंत्राच्या सगळ्या दिशांवरून आला. लिहिलेला प्रोग्रॅम वाया जाणार नाही, हे आश्वासन आजतागायत पाळलं गेलंय. माझ्या टेबलावर इतका जुना कोड येतो तो त्यामुळेच.

त्या मशीनचं रजिस्टर ३२ बिटांचं होतं, पण मेमरीचा पत्ता २४ बिटांचा. २४ बिटांत १,६७,७७,२१६ बाइट्सचे पत्ते मावतात, म्हणजे १६ एमबी. आज फोनमधले चार-पाच फोटो. तेव्हा मात्र मॉडेल ३० हे छोटं मशीन ८ केबी मेमरीसह मिळायचं. १६ एमबी कुणाला लागणार? म्हणजे प्रत्येक पत्त्याच्या डोक्यावर ८ बिट, एक अख्खा बाइट, मोकळा राहायचा. मेमरी सोन्याच्या भावाची असताना मोकळी जागा कोण सोडेल? प्रोग्रॅमर त्या बाइटमध्ये खुणा ठेवू लागले. खुद्द आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टीमनेही तेच केलं.

आणि खूण पुसून निव्वळ पत्ता हवा असेल तर? एलए. ही सूचना उत्तर २४ बिटांत बसवते आणि वरचा बाइट शून्य करते. शून्य मिळवणं हे निमित्त, खरं काम झाडू मारण्याचं.

पुढे १६ एमबी अपुरी पडू लागली. १९८३ पासून ३१ बिटांचे पत्ते वापरात आले. ३२ का नाहीत? कारण सगळ्यात वरच्या बिटाचा वापर जुने प्रोग्रॅम यादीतला शेवटचा पत्ता ओळखायला करत होते. २००० मध्ये ६४ बिट आले. जुन्यांना मात्र जुन्याच पद्धतीने चालण्याची मुभा राहिली. त्यामुळे एलए हीच सूचना २४-बिट मोडमध्ये वरचा बाइट पुसते, ३१-बिटमध्ये एकच बिट पुसते आणि ६४-बिटमध्ये काहीच पुसत नाही. चॅटबॉटचं उत्तर एका मोडपुरतं बरोबर होतं. इंटेलच्या चिपवर तर अशी शून्यवाली सूचना नुसती जागा भरायलाही वापरतात. म्हणजे ते उत्तर धादांत खोटं नव्हतं. ते दुसऱ्या घराचं होतं.

आमचा प्रोग्रॅम २४-बिट मोडमधला. त्यात हप्ता थकलेल्या पॉलिसीच्या पत्त्यावर वरच्या बाइटमध्ये खूण होती. एलए ती पुसायची, मग तो पत्ता भरणा झालेल्यांच्या यादीशी ताडून बघितला जायचा. ओळ गेली की खूण तशीच राहणार आणि पत्ते जुळणार नाहीत. मेमरी वाचताना मशीन वरच्या बाइटकडे बघतच नाही, त्यामुळे प्रोग्रॅम कोसळलाही नसता. फक्त ज्याने धावपळ करून थकलेला हप्ता भरला, त्याचीच पॉलिसी थकलेली दिसत राहिली असती. माझ्या टेस्टच्या डेटात थकलेली पॉलिसी एकही नव्हती.

काका हे कुठे शिकले? आयबीएम १९७८ मध्ये भारतातून निघून गेली होती. पण नव्वदच्या दशकात 'वायटूके'चं काम आलं आणि पुण्यामुंबईची पोरं पुन्हा मेनफ्रेमपुढे बसली. तो घोळही जागा वाचवण्यातूनच झालेला: साल चारऐवजी दोन आकड्यांत. काकांनी ड्रॉवरमधून सिस्टीम/३७० चं 'पिवळं कार्ड' काढून दाखवलं, सगळ्या सूचनांची घडीची पत्रिका. झेरॉक्सच असल्यामुळे पिवळं त्यात काही नव्हतं. कडेला मात्र त्यांच्या बारीक अक्षरातल्या नोंदी होत्या.

त्या रात्री मी चॅटबॉटला तोच प्रश्न पुन्हा विचारला, फक्त 'प्रोग्रॅम २४-बिट मोडमध्ये आहे' हे जोडून. त्याने अचूक उत्तर दिलं, वरच्या बाइटसकट. मला त्याच्यावर रागावताही येईना. मोड सांगायला हवा हे माहीत असतं, तर ओळ बघूनच मी थबकले असते.

चॅटबॉट मी सोडलेला नाही. पण आता आधी मोड बघते, प्रश्नात लिहिते, आणि उत्तर आयबीएमच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन' या मॅन्युअलशी ताडते. ते जाडजूड आहे, पण फुकट मिळतं, आणि एलएच्या नोंदीत तिन्ही मोड वेगवेगळे दिलेत. काकांच्या कार्डाचे फोटोही काढून ठेवलेत, कडेच्या नोंदींसकट.

ती ओळ परत जागेवर आहे. मूळ लिहिणाऱ्याने तिच्याशेजारी एक शब्दही लिहिला नव्हता. त्याच्या काळात ते सगळ्यांनाच माहीत होतं. मी वर एक टीप टाकली: वरच्या बाइटमधली खूण पुसते, २४-बिट मोड, काढू नये. काकांनी वाचली आणि म्हणाले, "साल पण लिही."

लिहिलं.