ग्राहकाची खुर्ची

क्रायसलर या अमेरिकी मोटार कंपनीतल्या सुमारे ८७ हजार लोकांचे पगार १९९०च्या दशकात अनेक जुन्या संगणकप्रणालींतून निघत. त्यांच्या जागी एकच प्रणाली आणायच्या प्रकल्पाचं नाव होतं 'सी-थ्री'. काम रखडलं होतं. मार्च १९९६मध्ये प्रोग्रामर केंट बेक यांना बोलावलं ते प्रोग्राम इतका हळू का चालतो, हे तपासायला. त्यांचं निदान वेगळंच निघालं: दुखणं नुसतं वेगाचं नाही, पहिल्यापासून सुरुवात करा. कंपनीनं हे ऐकलं, याचंच नवल.

सॉफ्टवेअर बनवण्याचा तोवरचा रिवाज असा, की ग्राहकाच्या गरजांचं जाडजूड बाड आधी लिहून घ्यायचं, त्यावर सह्या करायच्या आणि मग त्याला थेट तयार माल दाखवायचा. विन्स्टन रॉयस यांनी १९७०च्या निबंधात या सरळ उतरत्या पद्धतीची आकृती काढली आणि त्याच निबंधात ती धोक्याची असल्याचंही लिहिलं. लोकांनी आकृती उचलली, इशारा तिथंच राहिला.

बेक आणि त्यांचे सहकारी रॉन जेफ्रीज यांनी ग्राहकालाच प्रोग्रामरांच्या खोलीत आणून बसवलं. पगाराचे नियम कोळून प्यायलेली व्यक्ती रोज शेजारी असे. तिला हवी असलेली एकेक गोष्ट एकेका कार्डावर उतरे. प्रोग्रामर त्या गोष्टीला किती वेळ लागेल ते सांगत, आणि आधी काय, नंतर काय, हे ठरवायचं ग्राहकानं. दर तीन आठवड्यांनी चालणारं काहीतरी समोर यायचं. पगाराचा आकडा बरोबर आला की नाही, याच्या चाचण्याही ग्राहकाच्याच. एक पैसा चुकला तरी कामगार दारात येणार, हे ग्राहकाच्या बाजूला पक्कं ठाऊक असतं. प्रोग्रामरांना ते ऐकून कळतं.

मे १९९७मध्ये, ठरल्यापेक्षा दोनेक महिने उशिरा, मासिक वेतनावरच्या सुमारे १० हजार जणांचे पगार नव्या प्रणालीतून निघू लागले. कामाच्या या पद्धतीला 'एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग' म्हणतात; तिचा गाजावाजा झाला तो या यशाच्या जोरावर. तिच्यावरचं बेक यांचं पुस्तक १९९९मध्ये आलं. त्यातल्या १२ रीतींपैकी एक होती ग्राहकानं जागेवर हजर असणं.

उरलेल्यांचे पगार मात्र कधीच त्यातून निघाले नाहीत. १९९८मध्ये क्रायसलर डाइमलर या जर्मन मोटार कंपनीशी जोडली गेली आणि फेब्रुवारी २०००मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. नंतरच्या चर्चेत एक खोच पुढे आली: काय हवं ते सांगणारा वेगळा आणि पैसे मोजणारा वेगळा. खोलीत पहिला होता. दुसऱ्याला काय पटेनासं झालंय, हे कार्डांवर कुठून उमटणार? शिवाय सगळा भार एकाच खुर्चीवर, आणि त्या खुर्चीतल्या माणसाची दमछाक होतेच.

त्यानंतर वर्षभरानं, फेब्रुवारी २००१मध्ये, अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या स्नोबर्डला सॉफ्टवेअर क्षेत्रातले १७ जण जमले. त्यांच्या 'अजाइल' जाहीरनाम्यानं करारावरच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाशी मिळून काम करण्याला जास्त मोल दिलं. बेक त्यांत होते. २००४मध्ये पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढताना त्यांनी ती जुनी रीत बदलली: जागेवरच्या एका ग्राहकाऐवजी खऱ्या ग्राहकांचा सहभाग, असं नवं नाव तिला मिळालं.