ग्रंथकारसभेचे निमंत्रण व फुल्यांचा नकार

ठाण्यास १९६०, १९८८ व २०१० साली साहित्य संमेलने भरली; २०१७ साली तो मान डोंबिवलीस मिळाला. पाहुण्यास बोलावणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र या परंपरेच्या उगमापाशीच उपस्थित झाला होता.

१८७८ साली रानडे व लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांना एकत्र आणले. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले. त्यांचे उत्तर त्याच वर्षी ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. पत्र पोचल्याचा आनंद ते रीतीप्रमाणे आरंभीच नमूद करतात. मग ‘परंतु’ येते, आणि संबोधन एकाएकी बोलीतले, डिवचणारे होते. जे सर्वांचे मानवी हक्क आचरणात मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा पुढील आशय. निमंत्रण ‘ग्रंथकार’ या जातिनिरपेक्ष पदास होते. उत्तर ‘आम्ही’ आणि ‘ते’ या सर्वनामांत आले.

यास कोणी उद्धटपणा म्हणेल. पण आभार मानून घरी बसणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी कारण दिले, हा यजमानाचा अधिक मोठा आदर होय. हानी झाली ती सभेची : मराठी ग्रंथांचा विचार ‘शेतकऱ्याचा असूड’च्या कर्त्यावाचून झाला.

पुढे १९५८ साली मुंबईत दलित साहित्यिकांचे पहिले संमेलन अण्णा भाऊ साठे यांच्या उद्घाटनाने स्वतंत्रपणे भरले. २०१० साली उत्तम कांबळे यांच्या अध्यक्षतेखाली ठाण्याचे संमेलन भरले, तेव्हा फुल्यांच्या त्या पत्रास १२५ वर्षे झाली होती.