बिनतारी दूरमापन : पुणे परिसरातील इतिहास

दूरच्या किंवा दुर्गम ठिकाणी ठेवलेल्या उपकरणाने मोजलेली राशी रेडिओ तरंगांच्या साहाय्याने दुसऱ्या ठिकाणी पाठवून तेथे तिचे वाचन व नोंद करण्याच्या तंत्राला बिनतारी दूरमापन म्हणतात. तापमान, वायुदाब, आर्द्रता, पर्जन्य, नदीची पातळी यांसारख्या राशींचे मापन या तंत्राने केले जाते. त्याची तीन अंगे आहेत : (१) राशीतील फरकाचे विद्युत् संकेतात रूपांतर करणारा संवेदक, (२) तो संकेत वाहून नेणारे प्रेषक व ग्राही आणि (३) आलेल्या संकेताचे वाचन व जतन. पहिल्या दोन अंगांचा विकास वेगाने झाला. तिसऱ्या अंगाचे स्वरूप मात्र कागदी पट्टीपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत बदलत गेले आणि मापनाचा उपयोग वेळेवर होतो की नाही, हे मुख्यतः त्याच्यावरच अवलंबून राहिले. पुण्यातील या तंत्राच्या इतिहासावरून ही गोष्ट स्पष्ट होते.

प्रारंभ : भारतीय वातावरणविज्ञान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले व १९४४ मध्ये ते दिल्लीस हलविण्यात आले. शिवाजीनगर येथील त्याची इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ या नावाने ओळखली जाते. मुख्यालय गेल्यावरही उपकरणनिर्मिती, हवामानाच्या नोंदींचे संकलन इ. महत्त्वाची कामे पुण्यातच राहिली.

बिनतारी तंत्र उपलब्ध होण्यापूर्वी उच्च वातावरणाची माहिती मिळविण्यासाठी फुग्याला स्वयंलेखी उपकरण बांधून ते आकाशात सोडीत असत. त्यातील सूचीने धातूच्या लहानशा पत्र्यावर तापमान व दाब यांची रेघ कोरली जाई. फुगा फुटल्यावर उपकरण कोठेतरी शेतात किंवा रानात पडे. ते ज्याला सापडेल त्याने परत आणून द्यावे म्हणून बक्षीस ठेवलेले असे. उपकरण परत आले, तरच त्यातील नोंद वाचता येई. म्हणजे मापन अचूक असले, तरी ते वाचले जाणे एखाद्या शेतकऱ्याच्या नजरेवर व प्रामाणिकपणावर अवलंबून होते. शिवाय नोंद हाती येईपर्यंत ज्या हवेचे मापन केले ती केव्हाच पुढे निघून गेलेली असे.

ही उणीव रेडिओसाँड या उपकरणाने दूर केली. रॉबेर ब्युरो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी जानेवारी १९२९ मध्ये व पाव्हेल मोल्चानोव्ह या रशियन शास्त्रज्ञांनी जानेवारी १९३० मध्ये अशी उपकरणे यशस्वी रीत्या सोडली. भारतात १९४०–५० या दशकात रेडिओसाँडचा वापर सुरू झाला. त्यासाठी देशातच दोन प्रकार तयार करण्यात आले. त्यांपैकी ‘एफ’ प्रकार पुणे येथे एस्. पी. वेंकटेश्वरन् व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केला. फुगा वर जाताना हवेच्या झोताने एक पंखा फिरे व त्याच्यामुळे विद्युत् मंडलातील संपर्क क्रमाने जुळत. दाब, तापमान व आर्द्रता यांची मूल्ये अशा रीतीने रेडिओ स्पंदांच्या रूपाने जमिनीवर येत. दुसरा ‘सी’ प्रकार घड्याळाच्या यंत्रणेवर चालणारा होता. पुढील काळात ४०० मेगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या कंप्रतेवर चालणारी व तापमानानुसार बदलणाऱ्या विद्युत् रोधाचा उपयोग करणारी उपकरणे प्रचारात आली.

या काळात वाचन म्हणजे ग्राहीतून येणारे संकेत कागदी पट्टीवर उमटविणे व त्यांवरून मोजपट्टी आणि कोष्टके यांच्या मदतीने मूल्ये काढणे असे. काम कष्टाचे होते. परंतु त्यात एक मोठा गुण होता. संकेत येत असतानाच त्याची कायमची नोंद होत असे. चूक झाल्याची शंका आल्यास तीच पट्टी पुन्हा वाचता येई.

पडदा आणि त्याची प्रतिमा : दुसऱ्या महायुद्धानंतर वातावरणविज्ञानात रडारचा उपयोग होऊ लागला आणि मापन प्रथमच ऋण किरण नलिकेच्या पडद्यावर दिसू लागले. पावसाळी ढगांचे प्रतिध्वनी पडद्यावर तेजस्वी ठिपक्यांच्या रूपाने उमटत व काही क्षणांत मावळत. ते टिकविण्यासाठी पडद्यासमोर कॅमेरा बसवून ठरावीक वेळाने छायाचित्रे घेण्याची पद्धत रूढ झाली. छायाचित्रात घड्याळही दिसेल अशी व्यवस्था असे, कारण वेळ माहीत नसलेले चित्र अभ्यासाला निरुपयोगी ठरते. आजच्या संगणकावर पडद्याची प्रतिमा टिपून ठेवतात, त्याचे हे पूर्वरूप होय.

वैयक्तिक संगणकाच्या प्रसारानंतर कॅमेऱ्याची गरज उरली नाही. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम वैयक्तिक संगणकाच्या कळफलकावर ‘प्रिंट स्क्रीन’ ही सोय होती. तिच्या योगाने पडद्यावरील मजकूर थेट छापयंत्राकडे जाई. पुढे चित्ररूप पडदे आल्यावर ही कळ दाबताच पडद्याची प्रतिमा संगणकाच्या स्मृतीत उतरू लागली. पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग स्मृतीच्या एका भागात अंकरूपाने साठविलेला असतो. त्या भागाची प्रत काढली की प्रतिमा मिळते. १,९२० × १,०८० बिंदूंच्या पडद्यावर २० लक्षांहून अधिक बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरल्यास संक्षेपणापूर्वी एका प्रतिमेस सु. ६२ लक्ष बाइट लागतात. याउलट, एका पर्जन्यमापकाकडून आलेला वेळ, स्थानक व पाऊस यांचा संदेश काही डझन बाइटांत मावतो.

तथापि आकाराने मोठी असलेली ही प्रतिमा माहितीच्या दृष्टीने मूळ नोंदीपेक्षा तोकडी असते. तिच्यावरून सरासरी काढता येत नाही की गणित मांडता येत नाही. संवेदक बंद पडला असता काही आज्ञावल्या पडद्यावर शेवटचे मूल्य तसेच ठेवतात. प्रतिमेत ते मूल्य ताजे असल्यासारखे दिसते. जेपेग पद्धतीच्या संक्षेपणात बारीक आकडे अस्पष्ट होण्याचा संभव असतो. पीएनजी पद्धतीत तसे होत नाही. तरीही प्रतिमेला स्वतंत्र महत्त्व आहे. नोंदवही ‘काय मोजले गेले’ हे सांगते, तर पडद्याची प्रतिमा ‘त्या वेळी वाचकाला काय दिसत होते’ हे सांगते. दुर्घटनेनंतरच्या चौकशीत हे दोन्ही प्रश्न विचारले जातात. म्हणून मूळ आकडे व वेळेची खूण असलेली प्रतिमा, दोन्ही जपून ठेवणे इष्ट असते.

उपग्रह व स्वयंचलित केंद्रे : ३० ऑगस्ट १९८३ रोजी सोडण्यात आलेल्या इन्सॅट-१बी या कृत्रिम उपग्रहावर जमिनीवरील स्वयंचलित केंद्रांची माहिती पुढे पाठविणारी यंत्रणा होती. तिच्यामुळे मनुष्यवस्तीपासून दूर असलेल्या केंद्रांचे वाचन शक्य झाले. ही केंद्रे सु. ४०२·७५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर आपले संदेश पाठवीत. सर्वांची कंप्रता एकच असल्याने दोन संदेश एकमेकांवर आदळण्याची भीती असे. त्यावर दोन उपाय योजण्यात आले. पहिल्यात प्रत्येक केंद्र तोच संदेश यादृच्छिक अंतराने अनेकदा पाठवी. त्यांपैकी एखादा तरी निर्वेध पोहोचे. दुसऱ्यात उपग्रहाधारित अचूक घड्याळाच्या साहाय्याने प्रत्येक केंद्रास स्वतःची ठरावीक वेळ नेमून देण्यात आली. या केंद्रांकडील माहिती ग्रहण करणारे भूकेंद्र पुणे येथे उभारण्यात आले. २००६ नंतर देशातील स्वयंचलित हवामान केंद्रे व पर्जन्यमापक यांची संख्या झपाट्याने वाढली.

स्वयंचलित पर्जन्यमापकात सामान्यतः दोन लहान कप्प्यांचे एक डुलते पात्र असते. एका कप्प्यात ठरावीक पाऊस (उदा., ०·५ मिमी.) साठला की पात्र कलंडते, पाणी सांडते व दुसरा कप्पा पुढे येतो. प्रत्येक कलंडीबरोबर एक विद्युत् स्पंद निर्माण होतो. हे स्पंद मोजून संदेश तयार केला जातो. सौरघट व संचायक विद्युत् घटमाला यांवर हे केंद्र चालते. अलीकडे कमी अंतरासाठी भारतात विनापरवाना वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यात काम करणारे स्वस्त प्रेषकही मिळू लागले आहेत. त्यांचे संदेश साध्या संगणकाला जोडलेल्या ग्राहीवर वाचता येतात. त्यामुळे हे तंत्र शासकीय वेधशाळांपुरते मर्यादित राहिलेले नाही.

पुण्याचे पूर व स्वारगेट परिसर : १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही निकामी झाले आणि मुठा नदीकाठचा पुण्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. धरणाच्या पातळीचे स्वयंचलित बिनतारी वाचन त्या काळी उपलब्ध नव्हते. पातळी माणसाने पाहावयाची व बातमी माणसानेच पोहोचवावयाची, अशी स्थिती होती. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात (२००६–१४) राज्याच्या जलसंपदा विभागाने कृष्णा व भीमा खोऱ्यांत पाऊस, नदीची पातळी व जलाशयांतील साठा यांचे तात्कालिक दूरमापन करणारी यंत्रणा उभारली. मुठा नदी भीमेच्या खोऱ्यात येत असल्याने पुण्यावरील धरणेही या यंत्रणेच्या कक्षेत आली.

मोठ्या नद्या व धरणे यांचे वाचन असे सुरू झाले, तरी शहरातील लहान प्रवाहांचा प्रश्न वेगळा आहे. स्वारगेट हा पुण्याच्या दक्षिण भागातील गजबजलेला वाहतुकीचा केंद्रबिंदू. त्याच्या परिसरात पाण्याचे दोन मार्ग आहेत. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याकडून स्वारगेटवरून पूर्वेस हडपसरकडे जातो, तर कात्रजकडून येणारा आंबिल ओढा सहकारनगर, पर्वती व दांडेकर पूल या भागांतून मुठेस मिळतो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी या कालव्याची भिंत फुटून दांडेकर पूल परिसरातील वस्त्यांत पाणी शिरले व शेकडो कुटुंबांच्या संसाराची हानी झाली. त्यानंतर एक वर्षानेच, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, दक्षिण पुण्यात झालेल्या अतिवृष्टीने आंबिल ओढ्याला प्रचंड पूर आला. भिंती कोसळल्या, वाहने वाहून गेली आणि शहर व परिसरात वीसपेक्षा अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

दूरमापनाच्या दृष्टीने या पुराचे वैशिष्ट्य असे की, तो धरणातून आला नाही. १ चौ. किमी. क्षेत्रावर १ मिमी. पाऊस पडला, तर १० लक्ष लि. पाणी जमा होते. कात्रजच्या डोंगरउतारावरील असा पाऊस थोड्या वेळात ओढ्याच्या अरुंद पात्रात उतरतो. शिवाजीनगरची वेधशाळा तेथून बरीच दूर आहे आणि वादळी पावसात काही किलोमीटरांवर पर्जन्यमान पूर्णपणे वेगळे असू शकते. अशा ओढ्यासाठी उगमाकडील पर्जन्यमापक, पात्रातील पातळीचा संवेदक व काही मिनिटांच्या अंतराने येणारे संदेश आवश्यक असतात. तासातून एकदा येणारे वाचन मोठ्या नदीला पुरते. ओढ्याला ते पुरत नाही.

केवळ वाचन उपलब्ध होण्यानेही प्रश्न सुटत नाही. २५ जुलै २०२४ रोजी मुसळधार पाऊस व खडकवासला धरणातून सोडलेले पाणी यांमुळे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील घरांत पाणी शिरले, त्या वेळी धरणांची पातळी व विसर्ग यांचे आकडे नियमितपणे मोजले जात होते. मोजलेला आकडा नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर येणे आणि त्याचा अर्थ नदीकाठी झोपलेल्या माणसाला वेळेत कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी संवेदक, प्रेषक व संगणक पुरेसे असतात. दुसरीसाठी रात्रीही पडद्यासमोर जागा असलेला वाचक, कोणत्या पातळीस काय करावयाचे याचे आधी ठरलेले नियम आणि मराठीतून स्पष्ट शब्दांत दिलेला इशारा लागतो. शेतात पडलेले उपकरण परत येण्याची वाट पाहण्याचा काळ मागे पडला आहे. परंतु वाचले न गेलेले मापन आजही त्या उपकरणातील पत्र्याप्रमाणेच मुके राहते.